माझ्यामागे रॅम्बलरला चौथे भोक पडू नये म्हणून

मी, ग्लेन आर्थर श्लूटर, वय वर्षे छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, चीजची खोकी बनवणाऱ्या कारखान्याचा हिशेब-प्रमुख, राहणार शबॉयगन, राज्य विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलण्यात येणार आहे. धोका किरकोळ आहे असे शल्यविशारदांनी सांगितले. परंतु 'किरकोळ' या सदराखाली काय काय ढकलता येते, हे माझ्या व्यवसायातील माणसाला सांगण्याची गरज नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती, माझ्या पत्नीच्या मते, जरुरीपेक्षा अधिक शाबूत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. कोणी आणू पाहील तर तसे येथे नमूद करीन.

या लेखाचा मुख्य हेतू माझ्या १९६८ सालच्या रॅम्बलर गाडीची, आणि विशेषतः तिच्या उजव्या नळीवर बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरची, व्यवस्था लावणे हा आहे. इतर मालमत्ता ओघात येईल.

कलम पहिले. घर व घरातील वस्तू. राहते घर, सामानसुमान, बँकेतील शिल्लक, निवृत्तीचा निधी आणि तळघरातील शीतपेटी हे सर्व माझी पत्नी जोलीन हिला. शीतपेटीत मधल्या कप्प्यात एक पुडके आहे, त्यावर चिठ्ठी नाही. त्यात काय आहे ते विचारले असता, बटाटे सोलता सोलता जोलीन म्हणाली, "हरणाचं मटण."

मी म्हणालो, "हरण आपण नाताळात संपवलं."

"मग मासे असतील. लिही ना, 'पुडकं' लिही. मी काय कोर्टात जाणारे पुडक्यासाठी?"

सबब, पुडके.

कलम दुसरे. हत्यारे. माझा टॉर्क पाना, जो नट ठरावीक जोरापर्यंत आवळला की 'टक्' असा आवाज करतो, तो माझी कन्या क्रिस्टा हिला. तिने तो कोणत्याही परिस्थितीत तिचे मामा वेन प्रिबिल्स्की यांना उसना देऊ नये. वेन हा जोलीनचा धाकटा भाऊ, शहराच्या उत्तर टोकाला बोलिंग ॲली चालवतो, स्वभावाने दिलदार आहे, आणि नट आवळण्याचे त्याचे स्वतःचे एक माप आहे. तोंडातून 'हं' असा आवाज येईपर्यंत तो आवळतो. एका 'हं'ला किती जोर लागतो, हे त्याने सकाळी काय खाल्ले यावर अवलंबून असते. या मापाने माझे तीन बोल्ट मानेतून तुटले आहेत. उरलेली हत्यारे ज्याला जे हवे ते. भिंतीवर प्रत्येकाच्या आकाराची रेघ मारलेली आहे. वापरून झाल्यावर आपापल्या रेघेत ठेवावीत.

कलम तिसरे. गाडी, व तिला आजवर पडलेली भोके. गाडी लोण्याच्या रंगाची, चार दारांची, आठ सिलिंडरची आहे. ती मूळची माझ्या सासऱ्यांची. त्यांनी ती हयातीतच मला दिली, आपल्या मुलाला दिली नाही. कारण त्यांची आधीची गाडी वेनने मार्चच्या अखेरीस मासे धरण्यासाठी गोठलेल्या तलावावर नेली होती. तलाव त्या वेळी पूर्ण गोठलेला आहे असे वेनचे मत होते. तलावाचे तसे मत नव्हते. वेन खिडकीतून बाहेर आला, येताना मासेमारीची बादली वाचवली, गाडी वाचवली नाही. सासऱ्यांनी रॅम्बलरची किल्ली जेवणाच्या टेबलावरून माझ्याकडे सरकवली, एवढेच. तेव्हापासून आजतागायत वेनला ती गाडी हवी आहे, हे त्याने मला कधी सांगितलेले नाही आणि लपवलेलेही नाही.

काही वर्षांपूर्वी इंजिनाचा धूर गोळा करणारा मूळ बिडाचा भाग तडकला. तसा दुसरा कोठेही मिळेना. म्हणून मी बाजारात मिळणारे नव्या घडणीचे हेडर घेतले. हेडर म्हणजे एका बाजूच्या चार सिलिंडरमधून निघणाऱ्या चार नळ्या, ज्या पुढे एका जाड नळीत एकत्र येतात. ते बसवल्यावर कार्बोरेटर नव्याने जुळवणे भाग होते, आणि त्यासाठी मी ऑक्सिजन सेन्सर बसवण्याचे ठरवले. हे उपकरण धुरात उरलेला प्राणवायू मोजते व इंजिनाला पेट्रोल कमी पडते की जास्त होते, ते डॅशबोर्डवरील काट्याने दाखवते. हवेचे साडेचौदाहून किंचित अधिक भाग आणि पेट्रोलचा एक भाग जमला, की काटा मध्यावर येतो. ज्याने आयुष्यभर ताळेबंद जुळवले, त्याला असा काटा मध्यावर थांबलेला पाहून काय वाटते, हे मी येथे लिहीत नाही. मृत्युपत्रात भावना असू नयेत.

वेनचा या उपकरणास पहिल्यापासून विरोध होता. "काटा कशाला पाहिजे?" तो म्हणाला. "मागे जायचं, वाकायचं, वास घ्यायचा. गोड आला तर पेट्रोल जास्त. डोळ्यांत झोंबला तर कमी. बापानं जन्मभर तेच केलं."

"तुझ्या बापाला शेवटी शेवटी वासच येत नव्हता," मी म्हणालो.

"म्हणून काय झालं? अंदाज होता ना."

१९६८ साली गाड्यांना असा सेन्सर नसे, त्यामुळे तो बसवण्यासाठी नळीला छिद्र पाडून तेथे आट्यांची कडी वेल्ड करावी लागते. मला वेल्डिंग येत नाही. वेल्डिंग कसे करावे, हे येते. वेल्डिंगचे यंत्र वेनकडे होते. येथून या गाडीचा छळ सुरू होतो.

पहिले छिद्र वेनने नळीच्या तळाला पाडले. कारण विचारता म्हणाला, "वरून दिसायला नको. नीटनेटकं दिसतं." थंड इंजिनाच्या धुरात पाण्याची वाफ असते, ती नळीत थिजते आणि पाणी उतारावर, म्हणजे तळाशी, जमते. आमच्या हवेत तर विशेषच. सेन्सर पहिल्याच थंड सकाळी बुडून गेला. वेनच्या ताब्यातून पाण्यात गेलेली ही दुसरी वस्तू होय.

दुसरे छिद्र त्याने चारपैकी तिसऱ्या नळीला पाडले, नळ्या एकत्र येतात त्याच्या अलीकडे. म्हणजे चौघे जेवायला बसलेले असताना एकाच्याच ताटात डोकावून सगळ्यांचे पोट भरले असे जाहीर करण्यासारखे झाले. तिसरा सिलिंडर तृप्त होता. उरलेले तिघे उपाशी होते, आणि गाडी चढावर खोकत होती.

तिसरे छिद्र योग्य ठिकाणी पडले, कारण मी खडूने खूण करून शेजारी उभा राहिलो: चारही नळ्या एकत्र आल्यानंतर, उजव्या बाजूला, कारण डावीकडे स्टिअरिंगचा दांडा आडवा येतो; आणि नळीच्या वरच्या अंगाला, घड्याळातील दहा ते दोन यांच्या दरम्यान, म्हणजे पाणी सेन्सरवर थांबत नाही, निथळते. आधीची दोन छिद्रे आट्यांची बुचे लावून बंद केली. परंतु नळ्यांचा सांधा पुन्हा जोडताना वेनला फट बंद करणारी नवी चकती, म्हणजे गॅस्केट, सापडेना, म्हणून मी जेवायला गेलो असताना त्याने तेथे न्हाणीघरातील टबाच्या कडेला लावतात ते सिलिकॉन भरले. ते जळाले, सांध्यातून बाहेरची हवा आत जाऊ लागली, आणि ती जास्तीची हवा मोजून काटा 'पेट्रोल कमी' असे सांगू लागला. काट्यावर कधी विश्वास न ठेवणाऱ्या वेनने नेमका या वेळी ठेवला. तो पेट्रोल वाढवत गेला. काटा हलेना. त्याने आणखी वाढवले.

ही गोष्ट ऑगस्टातील मिरवणुकीच्या सकाळची आहे. आमच्या गाडीमागे लुथरन चर्चच्या महिलांचा वाद्यवृंद होता, सगळ्या पांढऱ्या पोशाखात. मिरवणूक संपताना तो वाद्यवृंद कोणत्या पंथाचा आहे, हे ओळखू येत नव्हते. शेजारच्या लव्हॉन टेस्मरबाई ट्यूबा हे भले मोठे पितळी वाद्य वाजवतात, आणि ट्यूबाचे तोंड बरेच रुंद असते. त्या आज साक्षीदार म्हणून आल्या आहेत. मी हा मजकूर वाचून दाखवत असता त्यांनी म्हटले, "अहो, अजून खालचा सूर लावला की काळं येतं. हेही लिहा." लिहिले आहे.

सध्याचा सेन्सर हा चौथा; आधीचा त्या काजळीत गेला. तो ठणठणीत आहे. त्याला सध्या एकच धोका आहे, आणि तो दर रविवारी चर्च सुटल्यावर येतो. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर गाड्या गंजवणारे मीठ टाकले जाते तेवढे महिने गाडी गॅरेजात झाकून ठेवलेली असते. वसंतातल्या पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत ती बाहेर काढायची नाही, हे शहरात सर्वांना ठाऊक आहे. वेनकडे सासऱ्यांच्या वेळची एक जादा किल्ली आहे. तो गॅरेजात येतो, आच्छादन दुमडतो, आत बसतो आणि दोन मिनिटे इंजिन चालू ठेवतो. मी विचारले, कशासाठी? तर म्हणाला, "तिला एकटं वाटतं रे."

दोन मिनिटांत इंजिन तापत नाही. फक्त नळीभर पाणी तयार होते. ओल्या नळीत तापलेला सेन्सर म्हणजे गरम काचेच्या भांड्यावर गार पाणी शिंपडणे. एक तर गाडी सुरूच करू नये, किंवा सुरू केली तर नळी कोरडी होईपर्यंत नीट चालवून आणावी. मीठ असताना चालवता येत नाही. अर्थात, सुरूच करू नये. हा युक्तिवाद मी वेनला अनेकदा ऐकवला आहे. तो पूर्ण ऐकतो, मान डोलावतो, आणि पुढच्या रविवारी येतो.

कलम चौथे. गाडी कोणाला द्यावी, याचा विचार. क्रिस्टा माझी एकुलती एक मुलगी, ॲरिझोनात अभियंता आहे. तिला फोनवर विचारले. ती म्हणाली, "बाबा, मला द्या. मी इंजिन काढून त्यात इलेक्ट्रिक मोटर टाकते. मग धूरच नाही. धूर नाही तर नळी नाही, आणि नळी नाही तर सेन्सर वर की खाली, हा वादच मिटला. मामाही खूश, तुम्हीही खूश."

तिच्या तर्कात मला एकही चूक काढता आली नाही. म्हणूनच गाडी तिला देता येत नाही.

जोलीनला विचारले. ती म्हणाली, "माझ्याकडे आली तर विकते. जो पहिला दार वाजवेल त्याला. तो गालिचे विकायला आला असला तरी."

उरला वेन.

यावर मी पुष्कळ विचार केला. वेनच्या हाती गाडी देणे म्हणजे तिला चौथे भोक पडणे, हे मला दिसते आहे. हा माणूस ब्राट, म्हणजे आमच्याकडचे जाड सॉसेज, भाजतानासुद्धा त्यांना काटा टोचतो. शबॉयगनमध्ये जन्मून, इथल्या मातीत वाढून, निखाऱ्यावर फुगलेल्या ब्राटला काटा खुपसतो आणि सगळा रस विस्तवात जाऊ देतो! त्याला विचारले तर म्हणतो, "आतलं शिजलं का बघतोय." वस्तू बंद असणे हेच त्याला सहन होत नाही. तरीही दर रविवारी कोणी त्या गाडीत जाऊन बसत असेल, तर तो एक वेनच. मी बसत नाही. मी तिची देखभाल करतो.

सबब, गाडी मी वेन लिओ प्रिबिल्स्की यास देत आहे, पुढील अटींसह.

कलम पाचवे. अटी. सेन्सर आहे तेथेच राहील. बंद केलेली दोन्ही छिद्रे उघडू नयेत. ती गाडीचा इतिहास आहेत. नवे छिद्र पाडू नये: वर, खाली, बाजूला, हौसेने, कोणी सांगितले म्हणून, अथवा 'बघू या' म्हणून. सेन्सर काढावा लागलाच, तर आट्यांना न चिकटणारा लेप लावावा. टोकाला लावू नये. ते श्वास घेते. सांध्याला गॅस्केटच लावावे. न्हाणीघरातील कोणतीही वस्तू गॅरेजात आणू नये. मीठ असताना गाडी सुरू करू नये. गाडीत नुसते बसण्यास हरकत नाही.

हे वाक्य लिहीत असतानाच वेन मागच्या दाराने आला. त्याने बेकरीतून कडक पाव आणले होते. पिशवी टेबलावर ठेवून तो माझ्या खांद्यावरून वाचू लागला. माझ्यावर आणल्या गेलेल्या दडपणाची नोंद येथून करतो.

"'गाडी मी वेन लिओ...'" तो थांबला. "ए. ही मला?"

"अटींसह."

"दिसतायत ना अटी. दुसरं काय दिसतंय?" त्याने पान हातात घेऊन पुन्हा वाचले. "'न्हाणीघरातील कोणतीही वस्तू.' मी टॉवेल पण नेऊ नको का?"

"टॉवेल चालेल."

"मग लिही तसं. नंतर तुझी बायको माझ्यावर केस करेल टॉवेलवरून."

टॉवेल चालेल.

जोलीन म्हणाली, "वेन, पाव कापून ठेव." त्याने कापले नाहीत. पान परत माझ्यापुढे सरकवून तो खुर्ची ओढून बसला.

कलम सहावे. अंत्यविधीनंतरचे जेवण. कडक पाव, बटाट्याची कोशिंबीर, आणि निखाऱ्यावरचे ब्राट, प्रत्येक पावात दोन. भाजण्याचे काम वेनकडे जाऊ नये. त्याच्या हाती चिमटा द्यावा, काटा देऊ नये, आणि शक्य तर चिमटाही देऊ नये. टेस्मरबाईंनी ट्यूबा वाजवावा, परंतु वाऱ्याची दिशा पाहून.

कलम सातवे. साक्षीदारांबाबत. दोन साक्षीदार लागतात. पहिल्या, टेस्मरबाई. त्यांना मी माझ्या पितळी पॉलिशचा डबा देणार होतो, ट्यूबासाठी. परंतु ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे असेल, त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला दिलेले रद्द होते. म्हणून तो डबा मी आज, जिवंतपणीच, त्यांच्या हाती दिला आहे.

त्या म्हणाल्या, "बाहेरून चमकेल हो. आतलं काय?"

दुसरे साक्षीदार त्यांचे यजमान व्हायचे होते. ते धक्क्यावर मासे धरायला गेले आहेत, आणि मासे लागत असल्याने येणार नाहीत, असा निरोप आहे. मी उद्या कारखान्यातून कोणाला तरी बोलावतो, असे म्हणत होतो. तेवढ्यात वेनने माझ्या पुढ्यातील पान ओढून घेतले आणि पेन उचलले.

"वेन, थांब," मी म्हणालो. "तू सही करू शकत नाहीस. सही केलीस तर गाडी गेली."

"माहितीये. आत्ताच डबा देताना तूच सांगितलंस. मी बहिरा नाहीये, नुसता वेल्डिंगमध्ये कच्चा आहे."

ही कबुली इतक्या वर्षांत प्रथमच मिळाली आहे; म्हणून शब्दशः नोंदवली. मी ती नोंदवत असतानाच त्याने सही केली.

"मी दुसरं पान घेतो," मी म्हणालो.

"घे. त्यावर पण करतो. पेन लपव, माझ्या खिशात पेन्सिल आहे."

"तुला गाडी नको?"

"नको कशी? बापाची गाडी आहे ती. तलावातनं बाहेर आलो तेव्हापासून पाहिजे." त्याने पावाची पिशवी उगाच सरळ केली. "पण ती अशी कागदावर ठेवून तू मंगळवारी जाणार, आणि मग मी जाऊन नळीला खालनं भोक पाडणार. पाडणारच मी, तुला माहितीये. तेव्हा गॅरेजात येऊन बोंबलणार कोण? ही?"

"मी विकणारे," जोलीन म्हणाली. तिने बटाटा खाली ठेवला होता.

"बघ. ही गालिचेवाल्याला देणार. म्हणजे तू मेलास तर गाडी गेली, माझी पण आणि तुझी पण. आता ठरव."

टेस्मरबाईंनी डब्याचे झाकण उघडून पुन्हा लावले. मी वेनला सांगितले की, साक्षीदाराची सही मृत्युपत्र करणाऱ्याच्या सहीच्या आधी होत नाही. त्यामुळे त्याने केलेली सही नियमाला धरून नाही. तो म्हणाला, "मग तू कर. मी परत करतो. मला घाई नाही, मला चार वाजेपर्यंत वेळ आहे."

कलम आठवे व शेवटचे. परिणाम. वरील घटनेचा परिणाम पुढीलप्रमाणे आहे. कलम चौथे व पाचवे लागू राहत नाहीत. गाडी उरलेल्या मालमत्तेत, म्हणजे जोलीनकडे, जाते. जोलीनकडून पहिल्या येणाऱ्याकडे. तो कोण असेल, त्याला सेन्सर म्हणजे काय हे ठाऊक असेल काय, तो मीठ पाहील काय, याची कोणतीही खात्री देता येत नाही. मी सर्व पर्याय तपासले. मालमत्तेच्या हिताचा एकच मार्ग उरतो: मी मंगळवारनंतर घरी परत येणे, आणि वेन बोलिंग ॲलीत असताना नवे मृत्युपत्र करणे.

हे मी वाचून दाखवले. वेन म्हणाला, "लिहिलंस ना? आता बदलायचं नाही."

बदललेले नाही. परत येण्याची तजवीज मी करीत आहे, आणि शल्यविशारदांनाही उद्या तसे कळवीन.

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष मी सही केली व ज्यांनी त्यानंतर माझ्या समक्ष केली:

लव्हॉन टेस्मर, शेजारी
वेन लिओ प्रिबिल्स्की, मेहुणा (दुसऱ्यांदा, आणि जाणूनबुजून)

मृत्युपत्र करणार,
ग्लेन आर्थर श्लूटर
शबॉयगन, विस्कॉन्सिन
रविवार, ९ एप्रिल २०१७